यंत्रात हात घालण्याआधी

मागच्या अंकात अर्धांगवायूनंतरच्या चालण्याबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती हाताबद्दल. साहजिक आहे. पाय बरेचदा आधी सावरतो, माणूस काठी टेकत अंगणात येतो, शेजारी म्हणतात, "बरे झाले की हो!" आणि हात मात्र पोटाशी घडी घालून तसाच असतो. त्यात आता शहरात 'रोबोटिक थेरपी'चे फलक लागलेत, मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतायत. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच्याच आसपासचे निवडलेत. पत्रं थोडी कापली आहेत, नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी. आठवड्यातले दोन दिवस हाताचा रोबोट असलेल्या एका केंद्रात काम करते, बाकीचे दिवस साध्या टेबलावर वाट्या, नाणी, कपड्यांचे चिमटे आणि वाटाण्याच्या शेंगा घेऊन. तेव्हा यंत्राशी माझं वैर नाही आणि त्याची दलालीही मी करत नाही.

प्रश्न : ताई, माझे वडील ६१ वर्षांचे, शेतकरी. पाच महिन्यांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. आता काठी घेऊन चालतात. खांदा थोडा उचलतात, कोपर अर्धवट वाकतं, बोटं मात्र हलत नाहीत. शहरातल्या एका केंद्रात रोबोटवर हाताचे व्यायाम देतात. ३० वेळचे ६० हजार सांगितले, वर तिथं खोली घेऊन राहायचा खर्च. सोयाबीनचे पैसे नुकतेच आलेत. ते त्यात घालू का? रोबोटने हात परत येतो का?
— मुलगा, औसा, जि. लातूर

उत्तर : आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं बघू, मग सोयाबीनचं. रोबोट हात परत आणत नाही. तो हाताकडून सराव करून घेतो, पुष्कळ करून घेतो. काम एवढंच, पण क्षुल्लक नव्हे.

वडिलांना तिथं काय करायला लावतील ते सांगते. खुर्चीत बसवून उजवा हात एका पन्हळी आधारात ठेवतील, पट्ट्याने बांधतील, मुठीत दांडा देतील. समोर पडद्यावर मधे एक ठिपका आणि भोवती गोलात आणखी ठिपके, नाहीतर झाडावरची सफरचंदं. दांडा सरकवत तिथवर पोचायचं. हात स्वतः जाईल तितका जाऊ द्यायचा, अडला की मोटर पुढे नेते. चढावर अडलेल्या बैलगाडीला मागून रेटा द्यायचा आणि गाडी सुटली की हात काढून घ्यायचा, तसं. या जातीचं सगळ्यात गाजलेलं यंत्र, 'एमआयटी-मॅनस', अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी घडवलं. १९९०च्या दशकात न्यू यॉर्क राज्यातल्या बर्क पुनर्वसन रुग्णालयात ते रुग्णांवर वापरायला सुरुवात झाली. कारखान्यातला रोबोट ठरल्या रस्त्याने जातो, मधे कोण आलं ते बघत नाही. या यंत्राची सगळी हुशारी उलट दिशेची आहे : माणसाने जोर लावला की ते नमतं.

आता पुष्कळ म्हणजे किती? २००९ साली अमेरिका आणि कॅनडातल्या काही ठिकाणी संशोधकांनी थेरपीच्या ३१२ बैठका शेजारी बसून बघितल्या आणि हालचाली मोजल्या. हाताने खरोखरचं काही काम करण्याचा सराव जेमतेम निम्म्या बैठकांत झाला, आणि झाला तिथेही एका बैठकीत सरासरी ३२ वेळा. बत्तीस! जाणं-येणं, ब्लड प्रेशर बघणं, चौकशा, ताणणं, सांधे सैल करणं यातच तास संपतो. आमच्या धंद्याची ही दुखरी नस आहे. रोबोटवर तेवढ्याच वेळात हजाराच्या घरात हालचाली होतात. मेंदूचा जो भाग शाबूत आहे त्याला नवं काम शिकायला अशी घोकंपट्टी लागतेच, म्हणून या यंत्रावर सगळ्यांच्या उड्या पडल्या.

मग २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. न्यूकॅसलच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेली, ७७० रुग्णांची, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेली. तीन गट होते. एकाला याच एमआयटी जातीच्या यंत्रांवर सराव, दुसऱ्याला तेवढाच वेळ थेरपिस्टकडून रोजच्या कामांचा सराव, दोन्ही आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटं, बारा आठवडे. तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. यश कशाला म्हणायचं ते आधी ठरवलेलं होतं : ठोकळे उचलणं, एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतणं, हात डोक्यामागे नेणं अशा १९ कामांच्या परीक्षेत ठरावीक गुण वाढले पाहिजेत. रोबोट गटात ४४ टक्के लोक यशस्वी झाले, थेरपिस्टबरोबर सराव करणाऱ्यांत ५० टक्के आणि नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ४२ टक्के. संख्याशास्त्राच्या चाळणीत हा फरक टिकला नाही. रोबोटवाल्यांच्या हाताची नुसती हालचाल मात्र नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा सुधारली होती. हात जास्त हलला, पण कामाला आला नाही, असा त्याचा अर्थ.

मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. आमच्या केंद्रात एक निवृत्त एसटी कंडक्टर येत. पडद्यावरच्या खेळात त्यांच्या गुणांना तोड नव्हती, शेजारच्या रुग्णाशी पैज लावायचे. पण शर्टाचं बटण? नाही. नाणं टेबलावरून उचलणं? नाही. कारण यंत्र खांदा आणि कोपर फिरवत होतं, नाणं उचलतात बोटं. मग आम्ही त्यांचा तास मोडला. अर्धा यंत्रावर, अर्धा सुट्ट्या पैशांवर. यंत्रावर बसायचा हट्ट त्यांचा, सुट्ट्या पैशांचा माझा. पुढे ते डाव्या हाताने पाकीट उघडायला लागले तेव्हा उजवा हात निदान ते पाकीट धरून ठेवायला लागला. तुम्हाला हे लहान वाटेल, त्यांना वाटलं नाही.

तर वडिलांचं. पाच महिन्यांनंतरही बोटं अजिबात हलत नसतील तर त्या हातात विळा परत येईल असं कोणी सांगत असेल, तर तो माणूस विक्रेता आहे. पण खांदा-कोपर जागे आहेत. त्या हाताला मदतनीस करता येतं : भाकरीची ताटली सरकू न देणं, पायजम्याची कड धरणं, बाहीत हात जाताना स्वतः पुढे होणं. हे ध्येय ठेवून काम करायचं असेल, तर रोबोटचा काही उपयोग आहे. ६० हजार आणि वर खोलीभाडं, इतका नाही. सोयाबीनचे सगळे पैसे त्यात घालू नका.

घालायचेच असतील तर आधी चार-पाच वेळांचेच भरा. पूर्ण पॅकेजशिवाय देत नाही म्हणाले तर उठून या. आणि पहिल्या दिवशी तिथं उभं राहून बघा. वडील स्वतः जोर लावतायत की यंत्र हात फिरवतंय आणि ते पंख्याकडे बघतायत? शेजारी थेरपिस्ट आहे की यंत्र चालू करून गेला? या यंत्रांमध्ये मोटरने किती मदत केली त्याची नोंद असते. ती कागदावर मागा. चार वेळांनंतर मदत कमी होत गेलेली दिसली पाहिजे. खेळातले गुण दाखवले तर समाधान मानू नका, गुण यंत्राच्या मदतीनेही वाढतात. आणि विचारा, यंत्रावरून उतरल्यावर हाताला कुठलं काम देणार? याचं उत्तर नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

उरलेल्या पैशांतून लातुरातच एखाद्या थेरपिस्टकडे दर पंधरवड्याला न्या आणि घरचा पाठ आखून घ्या. आईवर सगळं टाकू नका मात्र. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. घरच्यांना शिकवून पुनर्वसन त्यांच्यावर सोपवलं, तर रुग्ण दगावण्याचं किंवा परावलंबी राहण्याचं प्रमाण घटेल का, हे त्यात बघितलं. सहा महिन्यांनी घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, दोन्ही गटांत ते ४७ टक्केच निघालं. ती चाचणी एकट्या हाताची नव्हती, पण घरची बाई स्वयंपाक, जनावरं, औषधं सांभाळून वर थेरपिस्टही होईल ही अपेक्षा अन्यायाची आहे, हे मी त्याआधीही म्हणत होते. तिच्याकडून एकच मागा : उठवताना दुखऱ्या हाताला धरून ओढायचं नाही. सैल पडलेला खांदा खोबणीतून खाली सरकतो, आणि मग दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो. बगलेत हात घालूनही नाही. कमरेला पंचा बांधून त्याला धरून उठवा.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६७. उजव्या बाजूला पक्षाघात होऊन दोन वर्षं झाली. मनगट वर उचलता येतं, बोटं थोडी उघडतात. पण सगळं डाव्या हातानेच करते, हे पत्रही डाव्यानेच लिहिलं आहे. सहा महिन्यांत जे आलं ते आलं, पुढे काही होत नाही असं मला सांगण्यात आलं. मुलगा म्हणतो, मुंबईला रोबोटसाठी चल. जाऊ का?
— चिपळूण

उत्तर : बाई, अक्षर बघून हेवा वाटला. डाव्याने इतकं वळणदार लिहिता, तर लिहिणं खुशाल डाव्याकडेच राहू द्या.

सहा महिन्यांची गोष्ट अर्धी खरी. आपोआप होणारी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत भराभर होते, नंतर मंदावते. सराव केला तर पुढेही हात बदलतो, मात्र हळू आणि थोडा. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये १२७ जणांवर याच रोबोटची चाचणी झाली, २०१० साली निकाल आला. सगळे झटका येऊन किमान सहा महिने झालेले, काहींना कित्येक वर्षं. बारा आठवड्यांत ३६ वेळा, तासभर. बारा आठवड्यांनी नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत ठाम फरक दिसला नाही. ३६ आठवड्यांनी दिसला, तो हाताच्या हालचालीच्या ६६ गुणांच्या मोजपट्टीवर तीनच्याही आत. आणि यातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट : तिसऱ्या एका गटाला थेरपिस्टनी तितक्याच तीव्रतेचा सराव हातांनी करून घेतला होता, त्या गटात आणि रोबोट गटात फरक निघाला नाही. २०१८ मध्ये ४५ चाचण्या एकत्र करून काढलेला कॉक्रन संस्थेचा आढावा रोबोटच्या बाजूने बोलतो, तोही खोटा नाही. तुलना कशाशी करता त्यावर आहे. काहीच न करण्यापेक्षा यंत्र सरस. तेवढंच कष्टाने करून घेणाऱ्या माणसापेक्षा सरस नाही.

तुमच्या बाबतीत तर मी रोबोट सुचवणारच नाही. मनगट वर येतं, बोटं उघडतात, म्हणजे तुमच्याकडे जे भांडवल आहे त्यावर एक स्वस्त उपाय आहे : चांगल्या हाताला मोजा घालणं. उजवा हात जमत नाही म्हणून डावा पुढे होतो, डावा पुढे होतो म्हणून उजव्याची सवय मोडते. दोन वर्षांत उजवा हात आहे त्याहून जास्त निकामी वाटायला लागतो. अमेरिकेत एडवर्ड टॉब यांनी यावर आयुष्य घातलं. २०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत, २००६ साली निकाल आला तिच्यात, दोन आठवडे जागेपणाचा ९० टक्के वेळ चांगल्या हाताला जाड मोजा आणि रोज काही तास कसून सराव असा नेम होता. फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. प्रवेशाची अट साधारण अशी होती की मनगट आणि बोटं १० अंश तरी उघडली पाहिजेत. ते रुग्ण झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांतले होते, तुमची दोन वर्षं झालीत, त्यामुळे तेवढ्याच फळाची हमी मी देत नाही. पण मोज्याला पैसे लागत नाहीत.

एकदम दिवसभर घालू नका. सकाळचे दोन तास, बसल्या जागची कामं. जिना, न्हाणीघर, गॅस, विळी यांच्या जवळ मोजा काढलेला पाहिजे. घरात दुसरं माणूस असताना घाला. आणि कामं तुमच्या घरातलीच. मोड आलेल्या वालाचं बिरडं सोलायला उजव्याने घ्या, सुरुवातीला दहा दाणे. चिमूट नीट जमेपर्यंत वालाचे हाल होतील, होऊ द्या. वर्तमानपत्राची घडी, डब्याचं झाकण, नळ, खडू. शिक्षिका आहात, तर फळ्यावर मोठी आडवी रेघ मारायला खांद्यापासून हात लागतो, ती मारा. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये रुग्णालयातल्या रुग्णांना असाच घरगुती वस्तूंचा लिखित गृहपाठ दिला, रोज तासभर, आठवड्याचे सहा दिवस, चार आठवडे. १०३ जणांच्या त्या चाचणीत गृहपाठ करणाऱ्यांचा हात इतरांपेक्षा जास्त वापरात आला. गृहपाठाची गंमत तुम्हाला मी काय सांगणार.

मुलाला मुंबई दाखवायचीच असेल तर हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथं ऑक्युपेशनल थेरपीत हात एकदा नीट तपासून, मोजून घ्या. तिथल्या मापांवरून मोजा कसा आणि किती वेळ, ते ठरवता येईल.

प्रश्न : माझे मिस्टर यंत्रमागावर होते. आठ महिन्यांपूर्वी डावी बाजू गेली. डाव्या हाताची मूठ इतकी घट्ट झालीय की नखं तळव्यात रुततात. शेजाऱ्यांनी स्पंजचा चेंडू दिला, तो दाबायला सांगितलाय. मुलीने ऑनलाइन 'रोबोट हातमोजा' बघितला, हवेने बोटं उघडतो-मिटतो. घ्यावा का? मालिशवाले कबुतराच्या रक्ताचं तेल लावा म्हणतात.
— इचलकरंजी

उत्तर : कबुतराचा प्रश्न दर वेळी येतो. नको. कबुतरालाही नको, तुम्हालाही नको. मालिशवाल्यांनी हलक्या हाताने तेल चोळलं तर त्रास नाही. बोटं कडाकडा मोडून सरळ करायला लागले तर थांबवा.

चेंडू शेजाऱ्यांना परत द्या. मूठ मिटायला कोणी शिकवायची गरजच नाही, ती मिटलेलीच आहे. अडलंय ते उघडणं. मूठ सोडवायची रीत अशी : हात मांडीवर घ्या, मनगट आधी तळव्याच्या बाजूला खाली वाकू द्या, म्हणजे बोटं आपोआप ढिली पडतात. मग अंगठा त्याच्या बुडापासून, टोकाला न धरता, बाहेर घ्या. मग बोटं एकत्र, हळू. टोकांना धरून ओढलंत तर मूठ आणखी आवळते. तळवा धुऊन कोरडा करा, नखं कापा, मऊ सुती कापडाची गुंडाळी ठेवा.

नखं रुतण्यापर्यंत आलंय म्हणजे आधी डॉक्टर, मग यंत्र. पुनर्वसनतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. गोळ्या आहेत, बोट्युलिनमचं इंजेक्शन आहे. इंजेक्शनने त्या ठरावीक स्नायूंचा ताण साधारण तीन महिने उतरतो. महाग असतं, आणि त्या तीन महिन्यांत हाताला आधाराची पट्टी (स्प्लिंट) आणि सराव केला नाही तर पैसे वाया. कुठलं इंजेक्शन, कुठल्या स्नायूत, नंतर थेरपी कोण देणार, हे तिन्ही आधी ठरवून मगच टोचून घ्या.

आता हातमोजा. त्यात दोन तऱ्हा असतात. एकीत पंपाने बोटं नुसती उघडतात-मिटतात. सांधे आखडू नयेत म्हणून हे ठीक, पण मिस्टर टीव्ही बघत बसले तर मेंदूला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरीत चांगल्या हातात सेन्सरचा मोजा घालायचा, तो हात उघडला की दुखरा हातही उघडतो. ही तऱ्हा बरी, कारण त्यात माणूस काहीतरी करतो. कुठलीही घेतलीत तरी नेम एकच : नजर त्या हातावर, आणि पंप सुरू व्हायच्या आधी स्वतः उघडायचा प्रयत्न. पंधरा-वीस मिनिटांनी काढून कातडी बघा. त्या हाताला स्पर्श, गरम-थंड नीट कळत नसेल तर टोचलेलं, घासलेलं त्यांना सांगता येणार नाही, तुम्हालाच बघावं लागेल. हात सुजलाय, बोटं लाल-चकचकीत आहेत, धरलं की ओरडतात, असं असेल तर मोजा घालायचाच नाही. आणि आजच्या अवस्थेतल्या मुठीवर तर नाहीच. आधी ताण उतरू द्या.

आपल्याकडे या बाबतीत एक चांगलं काम झालंय, ते सांगायला मला आवडतं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि मद्रास आयआयटी यांनी 'प्लूटो' नावाचं टेबलावर मावणारं यंत्र केलंय. एकच मोटर, आणि बदलता येणाऱ्या मुठी : एक मनगटासाठी, एक हात पालथा-उताणा करायला, एक मूठ उघडायला-मिटायला. खेळ खेळत सराव. घरी नेता येईल आणि किंमत आवाक्यात राहील हा विचार धरूनच ते बांधलंय. स्विस कंपनीच्या भल्यामोठ्या यंत्रांपुढे ते गरीब दिसतं, पण खांद्यापेक्षा मनगट आणि मूठ धरली, हे मला शहाणपणाचं वाटतं. तुमच्या थेरपिस्टना त्याबद्दल विचारून बघा.

प्रश्न : रोबोटने हात जोरात ओढला तर? शॉक बसतो का?
— आजी, वाई

उत्तर : शॉक नाही, आजी. विजेचे झटके देऊन स्नायू हलवायचं यंत्र वेगळं, हे नव्हे. लाल बटण दाबलं की मोटर बंद. ते तुमच्या चांगल्या हाताच्या टप्प्यात ठेवायला सांगा आणि पहिल्या दिवशी दोनदा दाबून बघा. खांदा दुखला तर सोसत बसू नका, लगेच बोला. तुमच्या पिढीला ती सवय नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

प्रश्न : वय २७. तीन वर्षांपूर्वी विहिरीत सूर मारताना मानेला मार लागला. खांदे, कोपर वाकवणं आणि मनगट वर उचलणं जमतं, बोटं हलत नाहीत. व्हीलचेअरवर असतो, लॅपटॉपवर काम करतो. हाताचा रोबोट मला चालेल का? भाऊ रोज बोटं सरळ ताणून देतो.
— चंद्रपूर

उत्तर : आधी भावाला थांबवा, निदान ज्या पद्धतीने तो ताणतोय ती. मनगट वर उचललं की तुझी बोटं आपोआप थोडी मिटतात का? मिटत असतील तर तीच तुझी पकड. बोटांचे स्नायू चालत नसले तरी त्यांना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, किंचित आखूड असल्या की मनगट वर येताच त्या ओढल्या जातात, अंगठा बोटाला टेकतो आणि पेन, चमचा, कागद धरला जातो. मनगट मागे आणि बोटंही सरळ, असं दोन्ही एकदम ताणत राहिलं तर दोऱ्या सैल पडतात आणि ही पकड जाते. मनगट मागे असताना बोटं मिटलेली, बोटं सरळ करायची तर मनगट खाली. हा नियम भिंतीवर लिहून लावा. वर इचलकरंजीच्या ताईंना सांगितलेला हवेचा मोजाही याच कारणाने तू स्वतःच्या मनाने घालायचा नाहीस.

रोबोटवरचं बहुतेक संशोधन अर्धांगवायूचं आहे. त्यात मेंदूला इजा झालेली असते, तुझी इजा मानेतल्या मज्जारज्जूची. मज्जारज्जूच्या रुग्णांवरचे प्रयोग लहान आहेत आणि त्यांच्या जोरावर मी तुला खर्च करायला सांगणार नाही.

दोन गोष्टी मात्र तुझ्या कामाच्या. पहिली, टेंडन ट्रान्सफरची शस्त्रक्रिया : चालू असलेल्या एका जादा स्नायूची दोरी बंद पडलेल्या कामाला जोडतात. त्यातून कोपर सरळ करण्याचा जोर किंवा अंगठ्याची चिमूट मिळू शकते. ही जुनी, पक्की शस्त्रक्रिया आहे, आणि आपल्याकडे फार कमी जणांना कोणी सांगतं. हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचं मत घे, तीन वर्षं झाल्याने काही बिघडत नाही. दुसरी, 'आर्क-एक्स' नावाचं यंत्र. मानेच्या कातडीवर चकत्या चिकटवून तिथून मज्जारज्जूला वीज देतात आणि त्याच वेळी हाताचा सराव करून घेतात. २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात छापलेल्या चाचणीत ६० जण होते, त्यातल्या ७२ टक्क्यांची हाताची ताकद आणि काम दोन्ही सुधारलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पुढची काही वर्षं याकडे लक्ष ठेव. पण त्याचं नाव ऐकून चौकातल्या 'करंट'वाल्याकडे मानेला चकत्या लावून घ्यायला जाऊ नकोस.

प्रश्न : आईची मेडिक्लेम पॉलिसी आहे. रोबोटिक थेरपीचा खर्च मिळेल का? एजंट म्हणाला, 'रोबोटिक' पॉलिसीत समाविष्ट आहे.
— ठाणे

उत्तर : एजंट ज्याबद्दल बोलतोय ती रोबोटच्या साहाय्याने केलेली शस्त्रक्रिया. विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी काढली तिच्यात ती आहे. खुर्चीत बसून हाताचा सराव करणं म्हणजे शस्त्रक्रिया नाही, त्या कलमाखाली दावा टाकू नका. रुग्णालयातून सोडल्यानंतरच्या खर्चाचं कलम बघा. बऱ्याच पॉलिसींत त्याच आजाराशी संबंधित खर्च ६० किंवा ९० दिवसांपर्यंत मिळतो आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली थेरपी काही कंपन्या त्यात धरतात. दाखल केलेल्या डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी घ्या, तिच्यावर आजाराचं नाव आणि किती बैठका ते असू द्या, तारखा जुळू द्या. पावती केंद्राच्या नोंदणी क्रमांकाची हवी. नुसत्या 'पॅकेज' अशा एका ओळीच्या पावतीवर पैसे अडकतात, म्हणून बैठकवार पावत्या मागा. आणि कंपनीला आधी ईमेलने विचारा. एजंटचं फोनवरचं 'हो' नंतर कोणाला दाखवता येत नाही.